गोव्यात सहकुटुंब मुक्काम : हॉटेल की फ्लॅट?

प्रश्न (हातकणंगले) : आजी-आजोबा आणि दोन लहान मुलांसह गोव्यात आठवडाभर राहायचे आहे. हॉटेल घ्यावे की फ्लॅट?

उत्तर : एवढ्या दिवसांसाठी स्वयंपाकघर असलेला दोन बेडरूमचा फ्लॅट निश्चितच सोयीचा. मुलांचा वरणभात आणि ज्येष्ठांचे पथ्य सांभाळता येते. कळंगुट-बागा भागात रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते. कुटुंबाला दक्षिणेतील कोलवा, बाणावली बरे. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने मडगावला उतरले की दोन्ही गावे जवळ पडतात.

पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या जागेची नोंदणी गोव्याच्या १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार पर्यटन खात्याकडे लागते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी नोंदणी क्रमांक मागावा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर ती जागा सोडावी.

लिफ्ट किंवा तळमजला, गॅस सिलिंडर, वीज गेल्यास इन्व्हर्टर यांची चौकशी फोनवरच करावी. मुले लहान असतील तर सर्वांत महत्त्वाचे बाल्कनीचे कठडे आणि जलतरण तलावाभोवतीचे कुंपण. त्यांचे ताजे फोटो मागवावेत. किनारा ‘पाच मिनिटांवर’ म्हणजे चालत की गाडीने, हेही विचारावे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पाण्यात उतरू नये. एरवीही जीवरक्षक असलेल्या ठिकाणीच मुलांना न्यावे.