पायाचं सूप आणि रात्रीचं पातेलं

हाड मोडल्याची बातमी फुटली की डॉक्टरांच्या आधी पायाच्या सुपाचा सल्ला घरी पोचतो. आमच्याकडेही पोचला. सासूबाई कात्रजच्या घरात ओल्या फरशीवर घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वॉकर धरून त्या घरी आल्या त्या दिवसापासून फोनवर एकच चौकशी: सूप चालू केलं का? शेजारच्या काकूंचं म्हणणं खूरच हवेत, सुखसागरनगरच्या मावशी म्हणाल्या नळी बरी. हडपसरच्या माझ्या थोरल्या नणंदेनं, आमच्या ताईंनी, बोलत न बसता सरळ पातेलंच चढवलं.

ताईंच्या हाताला चव आहे. पाये आचेवर भाजून, सुरीनं खरवडून, गव्हाचं पीठ चोळून धुतलेले, वर चार नळ्या. संध्याकाळभर मंद आचेवर शिजवलं. रात्री गॅस बंद करून पातेलं तिथंच ओट्यावर, वर ताट झाकलेलं. उन्हाळ्याचे दिवस. सकाळी जरा गरम करून भल्यामोठ्या स्टीलच्या डब्यात भरलं आणि डबा मांडीवर घेऊन ताई रिक्षात बसल्या. कात्रज-कोंढवा रस्त्यावर गाड्या कशा तुंबतात ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. घरात आल्या आल्या म्हणाल्या, "अगं, रात्रभर मुरलंय. नुसतं कोमट करून दे आईला."

दुपारी आम्ही सगळ्यांनीच वाटीवाटी घेतलं. मुलीनं खूर बघून नाक मुरडलं आणि दहीभात खाल्ला. मध्यरात्री सासूबाईंच्या पोटात कळा सुरू झाल्या. ताप नाही, उलटी नाही, नुसत्या कळा आणि जुलाब. तरण्या माणसाला ही एका रात्रीची कटकट. ज्याच्या खुब्यात नवे स्क्रू आहेत, त्याला पलंगावरून उठवायचं, वॉकरचे चारही पाय फरशीवर नीट टेकलेत ना बघायचं, संडासापर्यंत एकेक पाऊल न्यायचं, परत आणून पाय वर ठेवतोय तोवर पुन्हा तेच. पहाटे त्या म्हणाल्या, "हाड जुळायचं राहू दे, मला नुसतं पडू दे." तोवर आम्हा नवरा-बायकोचीही तीच गत झाली होती. दहीभातवाली तेवढी ठणठणीत.

डॉक्टरांनी मटण कुठलं, मसाला कुठला, काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पातेलं रात्री कुठं होतं?"

बाकीचं नंतर वाचून कळलं. मांसाच्या मोठ्या पातेल्यात हमखास वाढणारा एक जंतू आहे, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. त्याची बीजं उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. गॅस बंद झाला की पातेलं हळूहळू निवतं, आणि साधारण साठ अंशांच्या खाली आलं की ही बीजं जागी होतात. मोठं, खोल, झाकलेलं पातेलं मधल्या भागात तासन् तास कोमट राहतं, म्हणजे त्यांची चंगळच. सकाळी खळखळून उकळलं तर हे जंतू मरतात, पण आपण सूप 'कोमट' करतो. शिवाय काही दुसरे जंतू असे आहेत की त्यांनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. त्यामुळे 'एक उकळी आणली की झालं' हा आपल्या स्वयंपाकघरातला जुना विश्वास इथं उपयोगाचा नाही. आमच्या पोटात नेमका कोण शिरला होता ते कुणी तपासलं नाही, पण लक्षणं आणि वेळ या गड्याशी जुळत होती. ताईंनी निगुतीनं केलेलं सूप त्या ओट्यावरच्या रात्रीनं बिघडवलं.

आता मूळ प्रश्न: सुपानं हाड जुळतं का? सूप फ्रीजमध्ये ठेवलं की जेलीसारखं थिजतं, आणि लोक म्हणतात, बघा कसं कॅल्शियम उतरलंय. ते कॅल्शियम नव्हे. पाय आणि नळीभोवतीच्या शिरा, कातडी, कूर्चा यांतलं कोलॅजेन शिजून त्याचं जिलेटिन होतं, ते थिजतं. जिलेटिन हे प्रथिनच, पण अपुरं. पोटात गेल्यावर त्याचे तुकडे होतात, ते सरळ मोडलेल्या हाडाशी जाऊन चिकटत नाहीत. हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारच थोडं उतरतं. कपभर दुधात अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम असतं, आणि कात्रजकराच्या तर उशाशी डेअरी आहे. शंभर ग्रॅम नाचणीतही साडेतीनशेच्या आसपास. म्हणून माझं मत असं, की सूप जरूर द्या, चवीला, घशाला, भूक लागायला. हाडासाठी मात्र दूध, नाचणीची भाकरी, नळीभोवतीचं मांस, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं ड जीवनसत्त्व.

परदेशी पाककृतींत हीच नळी वासराची असते. मिलानचा 'ओसो बुको' म्हणजे वासराच्या नळीचे आडवे काप, सावकाश शिजवलेले, वर लिंबाची साल, लसूण आणि पार्सली. व्हिडिओ बघून आमच्या भाच्यानं तो करायचा घाट घातला तेव्हा त्याला समजावावं लागलं: महाराष्ट्रात गाय-वासराची कत्तल १९७६च्या कायद्यानं बंद आहे आणि २०१५च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही त्यात आले. आपल्याकडे नळी म्हणजे बोकडाची, नाहीतर मेंढीची. तीही कोवळी असली तर तोंडात विरघळते, त्यासाठी मिलानला जायची गरज नाही.

कोवळी ओळखायची कशी? कापलेल्या नळीचं तोंड बघा. कोवळ्या जनावराचं हाड लालसर असतं, टोकाला पांढरी मऊ कूर्चा असते. जून जनावराचं हाड पांढरट-पिवळं, टणक, आणि मांस गडद. चरबी पांढरी आणि घट्ट हवी. हाताला चिकट लागली किंवा आंबूस वास आला तर किलोचा भाव कितीही कमी सांगितला तरी पुढं चला. 'बोल्हाई मटण' अशी पाटी दिसली तर ते मेंढीचं. वाडेबोल्हाईच्या देवीला मानणारी घरं शेळी-बोकड खात नाहीत, त्यांच्यासाठी ही दुकानं. मेंढीची नळी जाड, चरबी जास्त, वासही वेगळा. आजाऱ्याच्या सुपाला मी बोकडच घेते. महापालिकेच्या कत्तलखान्यातून आलेल्या धडावर शिक्का असतो, तो बघायला लाजू नका. आणि रविवारी दहाच्या गर्दीत जाण्यापेक्षा सकाळी लवकर जा; लटकलेलं धड दुपारपर्यंत रस्त्यावरची धूळ आणि ऊन खातं.

नळी तोडताना लाकडी ठोकळ्यावर सुरा दाणकन बसतो आणि हाडाच्या चुऱ्या उडतात. कवळी वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घशात अशी एक चुरी अडकली तर सूप राहिलं बाजूला, पुन्हा दवाखाना. जिथं करवतीचं मशीन आहे तिथं कापून घ्या, नाहीतर नळ्या अख्ख्या मागा. घरी मटण नळाखाली धरून धुऊ नका, शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीपर्यंत जातात. पातेल्यात पाणी घेऊन चुऱ्या खाली बसू द्या, पाणी अलगद ओता, मग सिंक साबणानं घासा. आजाऱ्यासाठी सूप शेवटी बारीक गाळणीतून गाळायचंच.

साठवणुकीचा घोळ आपल्या वारांमुळे होतो, हे माझं ठाम मत. रविवारी मटण आणायचं, कुणाचा सोमवार, कुणाचा मंगळवार, गुरुवार-शनिवार तर बहुतेकांचा, मध्येच संकष्टी. मग उरलेलं बुधवारपर्यंत, कधी शुक्रवारपर्यंत ओढलं जातं. शिजवलेलं मटण किंवा सूप फ्रीजमध्ये तीन, फार तर चार दिवस. म्हणजे रविवारचं बुधवारी संपवा. शुक्रवारचा विचार असेल तर रविवारीच फ्रीजरमध्ये टाका. कच्च्या मटणाला फ्रीजमध्ये मी दोन दिवसांपलीकडे ठेवत नाही. एका दाराच्या फ्रीजमधला तो वरचा कप्पा बर्फ करतो म्हणून त्याला डीप फ्रीजर समजू नये. उणे अठरा अंश तिथं बहुधा नसतात, तेव्हा महिनोन् महिने मटण ठेवायची जागा ती नव्हे. आणि आपल्या पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती गुरुवारी. वीज गेली की दार उघडून बघत बसू नका. बंद दारामागे फ्रीज चार तास थंडी धरतो, गच्च भरलेला फ्रीजर त्याहून पुष्कळ जास्त. गोठवलेली नळी वितळवायची ती फ्रीजच्या खालच्या फळीवर, ताटलीत, रातभर, ओट्यावर नव्हे.

नळी करायला सोपी आहे. कुकरमध्ये चमचाभर तेलावर कांदा, आलं-लसूण, हळद, मग नळ्या आणि मीठ बेताचं. पाणी लगेच घालू नका. वर खोलगट ताटात पाणी ठेवून मटणाला अंगचं पाणी सुटू द्या. ताटातलं गरम झालेलं तेच पाणी मग आत घाला. झाकण लावून पहिली शिट्टी झाली की आच मंद, नळीला अर्धा तास, पायांना पाऊण तासाहून थोडं जास्त. मांस हाडावरून सुटू लागलं की झालं. आधी आजाऱ्याचं आणि लहान पोराचं अळणी बाजूला काढा, मग बाकीच्यांसाठी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला. मिलानकरांची लिंबाची साल नको असेल तर लिंबू पिळा, भाकरीतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. सोबत नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी आणि कोशिंबीर. एका माणसाला एक नळी पुष्कळ. आतला मगज म्हणजे बहुतेक चरबीच.

उरलेलं सूप त्याच रात्री, झोपायच्या आधी आवरायचं. परातीत गार पाणी आणि बर्फ घेऊन त्यात पातेलं ठेवा, ढवळत राहा, मग उथळ डब्यांत वाटून गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. कडक उन्हाळ्यात एकच तास धरा. सकाळी वर चरबीची पांढरी चकती जमलेली असते, ती उचलून टाका. खाण्यापुरतंच काढून खळखळून उकळा, मग कोमट होऊ द्या.

ज्यांना युरिक ॲसिडचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी रोजच्या सुपाआधी डॉक्टरांना विचारावं. मांसातली प्युरिन्स रश्शात उतरतात आणि अंगठ्याचा सांधा रात्रीत सुजू शकतो. रक्तदाब असेल तर मीठ निम्मं.

ताई अजूनही डबा आणतात, पण आता रात्रीच गार केलेला, बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेला. तुम्हीही कुणा आजाऱ्याकडे पायाचं सूप नेणार असाल, तर निघण्यापूर्वी एक फोन करा आणि विचारा: फ्रीजमध्ये जागा आहे का?