निवळ पाणी आणि निर्धोक पाणी

‘पाणी गाळून व उकळून प्यावे’ हे वाक्य आपल्या अनेक शाळांच्या भिंतीवर लिहिलेले असते आणि परिसर अभ्यासाच्या तासाला मुले ते एका सुरात म्हणूनही दाखवितात. वाक्य खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि काही गावी तर ते अपायकारकही ठरते. पाण्यातील प्रत्येक दोषावर गाळणे व उकळणे हा एकच उतारा आहे, अशी समजूत त्यातून रूढ होते. वस्तुतः दोष निरनिराळे, त्यांचे उपायही निरनिराळे, आणि एका दोषावरील उपाय दुसऱ्या दोषाची तीव्रता वाढवू शकतो. हा भेद मुलांच्या मनावर कसा ठसवावा, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

प्रथम गढूळपणाचा दोष घेऊ. तो डोळ्यांना दिसतो, म्हणून त्यावरील उपाय आपल्या पूर्वजांना फार पूर्वीच सापडले. तुरटीचा खडा पाण्यात तीन-चार वेळा फिरविला की मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशी बसतात. निवळीचे बी भांड्याच्या आतल्या अंगास घासूनही हेच साधते. या झाडाचे नावच त्याच्या गुणावरून पडले आहे, आणि सुश्रुतसंहितेत ‘कतक’ या नावाने त्याचा उल्लेख आहे. दुपदरी स्वच्छ फडक्याने पाणी गाळण्याची रीतही क्षुल्लक मानू नये. नारूचा रोग पाण्यातील ज्या बारीक किड्यांमार्फत पसरत असे, ते किडे फडक्यात अडकत. या साध्या गाळण्याची नारूनिर्मूलनात मोठी मदत झाली. देशातील शेवटचा नारूचा रोगी 1996 साली राजस्थानात आढळला आणि 2000 साली भारत नारूमुक्त म्हणून घोषित झाला. मात्र कॉलरा, विषमज्वर, अतिसार यांचे जंतू त्या किड्यांहून कितीतरी लहान असतात. ते फडक्यातून सुखेनैव पार होतात.

येथे मुलांना लंडनची एक सत्यकथा सांगावी. 1854 साली त्या शहरातील सोहो भागात कॉलऱ्याची भयंकर साथ उद्भवली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडून पाहिली, तेव्हा ती ब्रॉड स्ट्रीट या रस्त्यावरील एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली आढळली. लांब हॅम्पस्टेड येथे राहणारी एक वृद्ध विधवाही त्याच सुमारास कॉलऱ्याने दगावली होती. तिच्या वस्तीत साथ नव्हती. परंतु ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव तिला इतकी आवडे की, ती ते मुद्दाम मागवून घेई. स्नो यांच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. चवीला उत्तम असलेल्या पाण्याने माणूस मेला, ही गोष्ट मुले सहसा विसरत नाहीत.

जंतूंचा नाश करण्यास उकळणे हा खात्रीचा उपाय आहे. पाण्यास खळखळून उकळी आली आणि ती एक मिनिटभर टिकली की पुरे. वीस-वीस मिनिटे उकळण्याचा जो सल्ला जुन्या पुस्तकांत आढळतो, त्याने सरपण अथवा गॅस मात्र व्यर्थ जातो. सगळ्या गावाच्या पाण्यासाठी उपाय म्हणजे क्लोरीन. आपल्याकडे विहिरीत व टाकीत टाकावयाची पूड ‘टी.सी.एल. पावडर’ या नावाने परिचित आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती टाकतो, हे मुलांना माहीत असते. ती किती टाकावी लागते, हे मात्र गणिताच्या तासाचे उत्तम उदाहरण होऊ शकेल.

समजा, गोल विहिरीचा व्यास 4 मीटर आणि पाण्याची खोली 3 मीटर आहे. व्यासाचा वर्ग 16, त्यास खोलीने गुणून 48, त्यास 3.14 ने गुणून 4 ने भागले म्हणजे 37.68 घनमीटर, अर्थात 37,680 लिटर पाणी झाले. चांगल्या प्रतीची ताजी पूड दर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम लागते. तेव्हा या विहिरीस सुमारे 94 ग्रॅम पूड हवी. ती तशीच विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून मग बादली पाऊण भरावी, ढवळून पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावी, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे व चुन्याचा गाळ टाकून द्यावा. वरचे पाणी विहिरीत सोडून पोहऱ्याने चांगले हिंदळावे. निदान तासभर कोणी पाणी शेंदू नये. म्हणून हे काम रात्री करणे सोयीचे. मोजमाप शिक्षकाने ग्रामपंचायतीच्या माणसाबरोबर दोर टाकून करावे, मुलांना काठावर वाकू देऊ नये.

दोन गोष्टी लक्षात ठेवावयास हव्यात. ही पूड हवा व दमट जागा लागली की निकामी होते. उघड्या पोत्यातील जुनी पूड टाकणे म्हणजे चुना टाकणेच होय. दुसरे, गढूळ पाण्यात क्लोरीनचा बराच भाग गाळावरच खर्च होतो. म्हणून आधी निवळणे व मग क्लोरीन, हा क्रम उलटा करू नये. पूड कामी आली की नाही, हे ओ.टी. चाचणीत पाण्यास येणाऱ्या पिवळ्या रंगावरून कळते. तासाभरानंतरही दर लिटरला अर्धा मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला, तर विहिरीची मात्रा पुरेशी झाली असे समजावे. चाचणीचे द्रावण विषारी असते, सबब तपासलेले पाणी पिऊ न देता ओतून टाकावे. घरच्या घागरीसाठी मेडिक्लोरचे थेंब मिळतात. त्यांचे प्रमाण बाटलीवर दिलेले असते.

एवढे करूनही पाणी घरात आल्यावर पुन्हा दूषित होते, आणि याकडे आपले फारच थोडे लक्ष असते. विहिरीवरून आणलेली कळशी माठात रिकामी होते, माठावर ताटली ठेवली जाते. परंतु शेतातून आलेला माणूस तांब्या बुडवितो तेव्हा त्याची बोटेही पाण्यात बुडतात. लांब दांड्याचे ओगराळे किंवा माठास बसविलेली तोटी हा यावरचा अल्प खर्चाचा उपाय आहे. शाळेच्या माठावर ओगराळे नसेल, तर वर्गातील पाठाचा मुलांवर परिणाम होण्याची अपेक्षा धरू नये.

आता तिसऱ्या प्रकारच्या दोषाकडे वळू. तो समजावण्यासाठी एक सोपा प्रयोग करावा. पिण्याचे स्वच्छ पाणी चार पेले घेऊन त्यात एक चमचा मीठ विरघळवावे. पाणी निवळ दिसते. ते फडक्याने गाळावे व चमचाभर चाखावयास द्यावे : खारटपणा गेलेला नाही. त्यात तुरटी फिरविली, तरी मीठ खाली बसणार नाही, हेही सांगावे. नंतर उरलेले पाणी पोषण आहाराच्या चुलीवर शिक्षकाने स्वतः उकळून निम्मे आटवावे व निवल्यावर पुन्हा चाखू द्यावे. ते पहिल्याहून अधिक खारट लागते. वाफ गेली ती पाण्याची. मीठ भांड्यातच राहिले. हे मुलांना स्वतः सांगू द्यावे, आपण घाई करू नये. मग सांगावे की, काही गावच्या पाण्यात असे विरघळलेले पदार्थ असतात की जे मिठासारखेच वागतात, परंतु त्यांना ना रंग असतो, ना चव, ना वास. फ्लोराइड व नायट्रेट हे त्यांतील मुख्य.

1972 च्या दुष्काळानंतर खेडोपाडी विंधण विहिरी व हातपंप आले. सोलापूर आणि जालना येथे तयार झालेल्या भक्कम पंपांचा पुढील सुधारित पंपांना आधार झाला, हे आपल्या विद्यार्थ्यांस अभिमानाने सांगता येईल. उघड्या विहिरीपेक्षा विंधण विहिरीचे पाणी जंतूंच्या दृष्टीने पुष्कळच सुरक्षित असते. परंतु खोल खडकात दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात खडकातील फ्लोराइड उतरते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत हा दोष आढळलेला आहे. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड इष्ट, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालेल, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. त्याहून अधिक असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर दात डागाळतात, आणि प्रमाण फार असल्यास पुढे मान, पाठ व सांधे ताठर होऊन माणूस वाकतो.

शिक्षकांना येथे विशेष सांगावयाचे आहे. सकाळच्या स्वच्छता-तपासणीत आपण दात पाहतो आणि पिवळे-तपकिरी दात दिसले की मुलास ‘दात घासत नाहीस’ म्हणून वर्गासमोर बोलतो. फ्लोराइडचे डाग घासून जात नाहीत, कारण दात हिरडीच्या आत घडत असतानाच ते दाताच्या आवरणात बसलेले असतात. असे मूल राखुंडीने, विटेच्या भुकटीने हिरड्या रक्ताळेपर्यंत दात घासते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलणी खाते. हसताना तोंडावर हात धरण्याची सवय त्यातूनच लागते. दोहोंतील फरक ओळखणे अवघड नाही. न घासलेल्या दातांवरील कीट हिरडीलगत असते व नखाने खरवडता येते; फ्लोराइडचे डाग बहुधा आडव्या पट्ट्यांचे असतात व उजव्या-डाव्या दातांच्या जोडीवर सारखेच दिसतात. एकाच वस्तीतील, एकाच पंपावर पाणी भरणाऱ्या पाच-सहा मुलांचे दात असे दिसले, तर दोष मुलांच्या आळसाचा नसून पाण्याचा आहे, असे धरून चालावे.

यावर घरगुती उकळणे उपयोगाचे नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, तुरटी व चुना यांच्या साहाय्याने फ्लोराइड खाली बसविण्याची ‘नलगोंडा पद्धत’ शोधून काढली. परंतु तुरटीचे प्रमाण त्या त्या पाण्याच्या तपासणीवरून ठरवावे लागते, अंदाजाने चालत नाही. ‘आर.ओ.’ यंत्राने फ्लोराइड निघते, मात्र बरेच पाणी वाया जाते आणि पडदा वेळेवर न बदलल्यास यंत्र केवळ शोभेचे उरते. खेड्यास सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पिण्यापुरते पाणी दुसऱ्या स्रोतातून घेणे. पावसाने दरवर्षी भरणाऱ्या उथळ विहिरीत फ्लोराइड बहुधा कमी असते. ते तपासून घ्यावे व त्या विहिरीत टी.सी.एल. नियमाने टाकावी. दोष असलेल्या पंपाचे पाणी धुण्याभांड्यास खुशाल वापरावे.

नायट्रेटचा उगम मात्र आपल्याच अंगणात असतो. उकिरडा, शोषखड्डा, गोठ्याचे सांडपाणी आणि शेतातील रासायनिक खत यांतून ते झिरपते. मर्यादा दर लिटरला 45 मिलिग्रॅम. मोठ्या माणसास ते सहसा जाणवत नाही; पण सहा महिन्यांच्या आतील मुलास वरच्या दुधाची पूड अशा पाण्यात कालवून पाजली, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून मूल निळे पडते. हा संबंध 1945 साली अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. कॉमली यांनी प्रथम दाखवून दिला. काळजी घेणारी आई पाणी जास्त वेळ आटविते, आणि 60 मिलिग्रॅमचे लिटरभर पाणी पाऊण लिटर झाले की त्याच दरलिटर प्रमाणाचे 80 मिलिग्रॅम होतात. अंगावर पाजणे हा येथे बाळाचा खरा बचाव होय.

फ्लोराइड व नायट्रेट ही दोन्ही घरी ओळखता येत नाहीत, तपासणीच हवी. प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा व जंतूंची दोनदा व्हावयास हवी, आणि तिचे निकाल मागण्याचा ग्रामस्थांस अधिकार आहे. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनखाली गावातील पाच महिलांना तपासणी-संचाचे शिक्षण देण्याची योजना आहे. त्यांपैकी एकीस वर्गात बोलावून मुलांसमोर चाचणी करवून घ्यावी. शाळेच्या वहीत गावातील प्रत्येक विहीर व पंप, त्याच्या शेवटच्या तपासणीची तारीख आणि निकाल इतकेच लिहून ठेवावे. दातांवर पट्टे असलेल्या मुलांची नावे वर्गात न वाचता, ती कोणत्या पंपावर पाणी भरतात याच्या नोंदीसह प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावीत व एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी.