पोथ्यांसाठी मुंबई गाठणारा डॅनिश पंडित

प्रश्न : डेन्मार्कचा एक भाषापंडित दोनशे वर्षांपूर्वी पारशांच्या पोथ्या शोधत मुंबईला आला होता, असं वाचलं. कोण हा? त्याच्या कामाचा आपल्या मराठीशी काही संबंध पोचतो का?
– एक वाचक, आष्टा (जि. सांगली)

उत्तर : रास्मुस रास्क. जन्म 1787, फ्यून बेटावरच्या खेड्यात, गरिबाघरी. शाळेत बक्षीस म्हणून नॉर्वेच्या राजांच्या कथांचं जुन्या आइसलँडीतलं पुस्तक मिळालं, तर शिकवणारं कुणी नसताना त्यावरूनच या पोरानं त्या भाषेचं व्याकरण मांडलं!

1816 साली त्यांनी कोपनहेगन सोडलं. रशिया, तिफ्लिस, इराण असं मजल-दरमजल करत 1820 मध्ये ते मुंबईत पोचले. पेशवाई बुडून दोनच वर्षं झाली होती. पारशी मंडळींकडून त्यांनी अवेस्ता या त्यांच्या धर्मग्रंथाच्या आणि पहलवी या जुन्या इराणी भाषेतल्या पोथ्या मिळवल्या. खंबायतला 1323 साली नकललेली यस्नाची, म्हणजे अवेस्तातल्या पूजाविधीच्या भागाची, पोथी त्यातलीच. पुढे 1826 मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की अवेस्ताची भाषा बनावट नाही, संस्कृतची अपभ्रष्ट बोलीही नाही; ती संस्कृतची बहीण आहे. या पोथ्या आजही कोपनहेगनला आहेत.

लॅटिन-ग्रीकमधला 'प' जर्मन कुळातल्या भाषांत 'फ' होतो, असे ध्वनिबदल ठरावीक वाटेनं होतात, हे रास्क यांनी 1818 च्या निबंधात मांडलं. जर्मन भाषापंडित याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये त्याचीच नीट घडी बसवली आणि नाव पडलं 'ग्रिमचा नियम'. रास्क तेव्हा मायदेशी परतलेही नव्हते. मला तरी हा अन्यायच वाटतो. पौर्वात्य भाषांचं प्राध्यापकपद मिळालं तेही 1831 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी क्षयानं ते गेले. वय अवघं 44.

आता मराठीचं. रास्क यांचं म्हणणं असं, की भाषांचं नातं ठरवताना उसन्या शब्दांवर जाऊ नये. व्यापारउदिमानं शब्द सहज येतात-जातात. व्याकरण सहसा उसनं येत नाही. शब्दच घ्यायचे तर सर्वनामं आणि संख्यावाचकं तपासावीत. तुमच्या भागात ही कसोटी लावायला कानडी मुलूख हाकेवर आहे. अक्का, अण्णा, अप्पा या हाका आपल्याकडे कानडीतून आल्या, घरोघर रुजल्या. पण 'मी-तू' म्हणताना, 'दोन-तीन' मोजताना, 'करतो-जातो' चालवताना आष्टेकर प्राकृताचीच वाट धरतो, आणि मिरजेच्या बाजारातला कानडी माणूस त्याच जागी 'नानु-नीनु', 'एरडु-मूरु' म्हणतो.