राळेची लेखणी : घरच्या माणसांसाठी एक भेट

भारत व सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झालेल्या करारानुसार भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. साच्यात ओतणे आणि लेथवर कातणे या क्रिया तेव्हापासून या गावाच्या परिचयाच्या आहेत. राळेची लेखणी याच दोन क्रियांतून तयार होते. मात्र एक महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवावा. धातूचे ओतकाम बिघडले तर तो पुन्हा वितळविता येतो. राळ रासायनिक क्रियेने घट्ट होत असल्यामुळे ती पुन्हा द्रवरूप होत नाही.

हाताने कातलेल्या लेखणीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. राजमहेंद्री येथील रत्नम यांच्या एबोनाइटच्या लेखण्या स्वदेशीच्या काळात नावारूपास आल्या. एबोनाइट म्हणजे गंधकाच्या योगाने कठीण केलेले रबर. राळेची कांडी मात्र कारागीर स्वतः ओतीत असल्यामुळे तिच्यात घरातील एखादी वस्तू कायमची जतन करता येते. आजीच्या लुगड्याच्या काठाचे सूत किंवा जुन्या पाटाच्या लाकडाची ढलपी यासाठी उपयोगी पडते.

अशी वस्तू दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणून पहिला प्रयोग साध्या चिंधीवर करावा. वस्तू पूर्ण वाळलेली असावी. सुतात किंवा लाकडात ओल अथवा हवा राहिल्यास राळेत बुडबुडे उठतात. लाकडाला आधी राळेचा पातळ हात देऊन त्याची छिद्रे बुजवावीत.

एपॉक्सी राळ व तिचे हार्डनर उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावे. हार्डनर जास्त घातल्याने राळ लवकर घट्ट होते, हा समज चुकीचा आहे. प्रमाण चुकल्यास ती चिकट राहते. मिश्रण सावकाश ढवळून साच्यात बारीक धारेने सोडावे. ही क्रिया उष्णता निर्माण करते. भिलाईत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत मिश्रण हातातच घट्ट होऊ लागते. यास्तव पहाटेची वेळ निवडावी व थोडेथोडे मिश्रण करावे. हातमोजे वापरावेत आणि खोलीत वारा खेळता असावा.

कांडी पूर्ण कठीण होण्यास काही दिवस लागतात. त्यानंतर तिला भोक पाडून आत पितळी नळी बसवावी आणि धारदार हत्याराने हलके काप घेत ती कातावी. जोराने रेटल्यास राळेचे टवके उडतात. कातताना उडणारी भुकटी श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून नाकातोंडावर योग्य मुखवटा व डोळ्यांना चष्मा असावा. शेवटी पॉलिश कागदाने, खरखरीतपासून बारीकपर्यंत क्रमाक्रमाने, पाणी लावून घासावे.

लेखणीची जाडी ज्याला ती द्यावयाची त्याच्या बोटांवरून ठरवावी. थरथरत्या हाताला जाड लेखणी सोयीची, लहान मुलाला हलकी. बाजारातील लेखणी सर्वांसाठी असते; ही एकाच हातासाठी घडविलेली असते.