कॅन्सरच्या ट्रायलमध्ये जायचंय? सहीआधी एवढं करा

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डोके व मानेच्या बळावलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांवर एक चाचणी झाली. नेहमीच्या गोळ्या सगळ्यांनाच होत्या. त्यांपैकी 76 जणांना जोडीला निवोलुमॅब हे महागडे इम्युनोथेरपीचे औषध दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम दिले गेले. ही मात्रा प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होती. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण केवळ गोळ्या घेणाऱ्या गटात 16.3 टक्के होते, तर निवोलुमॅब मिळालेल्या गटात 43.4 टक्के. पूर्ण मात्रा न परवडणाऱ्यांसाठी यातून वाट निघाली, ती त्या 151 जणांनी सहभागाला होकार दिला म्हणून.

तरीही ‘आमच्या माणसावर प्रयोग नको’ असे म्हणून काही घरे ट्रायलचे नावच टाळतात. काही जण ‘नवे औषध, तेही फुकट’ एवढे ऐकून सही करून मोकळे होतात. दोन्हीकडे चौकशी राहून जाते. ती कशी करायची, ते पाहू.

1. उपचार सुरू होण्याआधीच विचारा

ट्रायल हा शेवटचा उपाय, हा समज काढून टाका. बऱ्याच चाचण्या अजून केमो किंवा रेडिएशन न घेतलेल्या रुग्णांसाठी असतात. केमोचे पहिले सायकल झाले की त्यांचे दार बंद होते. म्हणून निदान होताच डॉक्टरांना विचारा: ‘या आजारासाठी, या स्टेजला, इथे किंवा दुसऱ्या रुग्णालयात एखादी ट्रायल सुरू आहे का?’

2. फाइल लावून ठेवा

बायोप्सीचा रिपोर्ट, आयएचसी (गाठीच्या नमुन्यावरची खास तपासणी) आणि जनुकीय तपासण्या, स्कॅनचे रिपोर्ट व सीडी, डिस्चार्ज कार्ड, कोणती औषधे कोणत्या तारखेला दिली याची यादी, हे सगळे तारखेनुसार लावा. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक पहिल्या लॅबकडे असतात, ते मागून घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर काढे, भस्मे, घरगुती औषधेही लिहा. ती ट्रायलच्या औषधाशी भांडू शकतात.

3. नोंदणी तपासा

भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही म्हणजे सीटीआरआय. 2007 मध्ये ती सुरू झाली आणि 15 जून 2009 पासून औषध-चाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली. संकेतस्थळावर आजाराचे इंग्रजी नाव टाकून शोधा. प्रत्येक नोंदीत चाचणीचा टप्पा, केंद्रे, प्रमुख संशोधक आणि निवडीचे निकष दिलेले असतात. भारतातल्या भरतीची स्थिती ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ आहे का, ते आधी पाहा. कुणी ट्रायल सुचवली तर तिचा सीटीआरआय क्रमांक मागा. क्रमांक मिळत नसेल किंवा प्रवेशासाठी पैसे मागितले जात असतील, तर पुढे जाऊ नका.

4. निकष समजून घ्या

वय, स्टेज, आधीचे उपचार, यकृत-मूत्रपिंडाची स्थिती यांबरोबर ‘ईसीओजी’ नावाचा आकडा असतो. रुग्ण आधीसारखी सगळी कामे करतो तर 0, जड कामे जमत नाहीत पण हिंडतो-फिरतो आणि हलकी कामे करतो तर 1, स्वतःचे सगळे करतो पण कामाला जाऊ शकत नाही तर 2. अनेक चाचण्यांत 0 किंवा 1 असलेलेच घेतात. प्रवेश मिळावा म्हणून तब्येत चांगली सांगू नका, धोका रुग्णालाच असतो. निवड न होण्यामागे अनेकदा रुग्णाच्या सुरक्षेचाच विचार असतो.

5. संमतीपत्र घरी आणून वाचा

माहितीपत्रक मराठीत मागा. वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदारासमोर ते समजावून सांगावे लागते. सहीआधी हे विचारा:

- हा कितवा टप्पा? पहिल्या टप्प्यात मुख्यतः सुरक्षित मात्रा शोधतात, दुसऱ्यात परिणाम दिसतो का ते पाहतात, तिसऱ्यात प्रचलित उपचाराशी तुलना करतात.
- गट कोण ठरवतो? बहुधा संगणक, डॉक्टर नाही.
- नवे औषध मिळाले नाही तर मला कोणता उपचार मिळेल?
- किती फेऱ्या, किती रक्ततपासण्या, पुन्हा बायोप्सी लागेल का?
- ट्रायल संपल्यावर औषध चालू राहील का?

6. पैसे आणि हक्क

2019 च्या ‘नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल’ नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. संशोधनासाठी म्हणून होणारा जादा खर्च रुग्णावर पडू नये. पण नेहमीच्या उपचाराचा भाग असलेल्या तपासण्या आणि औषधांचे बिल कोण भरणार, प्रवासखर्च मिळणार का, हे लिखित घ्या. गावाकडून मुंबईला दर तीन आठवड्यांनी यायचे तर मुक्कामाचा हिशेबही धरा. सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत मिळणे हा तुमचा हक्क आहे. त्यात एथिक्स कमिटीचा, म्हणजे सहभागी रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, संपर्क असतो, तो जपून ठेवा.

7. सहभागी झाल्यावर

ताप, जुलाब, पुरळ, धाप, काहीही झाले तरी तारखेसह वहीत लिहा आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा. दुसऱ्या दवाखान्यात जावे लागले तर ट्रायलची कागदपत्रे दाखवा. कोणत्याही क्षणी, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. बाहेर पडताना मात्र डॉक्टरांना सांगा, कारण काही औषधे एकदम बंद करणे धोक्याचे असते.

निर्णय रुग्णाचा आहे. नातेवाइकांनी त्याच्या वतीने परस्पर ‘हो’ म्हणू नये आणि ‘नाही’ही म्हणू नये. त्याच्यापुढे सगळी माहिती मराठीत ठेवा, वेळ द्या आणि तो जे ठरवेल त्याच्या पाठीशी उभे राहा.