घरपोच ब्रेकचं काम: चाकाचे नट किती आवळायचे?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन गाडीचं काम करून द्यायचं, हा धंदा कमी भांडवलात सुरू होतो. गाळा नको, डिपॉझिट नको. शिकायला येणारी मुलं ब्रेक पॅड छान बदलतात आणि शेवटी चाक लावताना पान्यावर उभी राहतात. "सर, एकदम टाइट!" टाइट म्हणजे किती, हे मात्र सांगता येत नाही.

हिशोब करू. लहान गाड्यांच्या नटांना साधारण ८५ ते १२५ न्यूटन मीटर टॉर्क लागतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, अंदाजाने ठरवायचा नाही. आता ७० किलोचा माणूस २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला, तरी सुमारे १७० न्यूटन मीटर होतात. उडी मारली किंवा पाइप लावला तर विचारूच नका! स्टड ताणला जातो. नट कमी-जास्त आवळले गेले तर डिस्क वाकडी होऊ शकते, मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, तुमचे पॅडच खराब. आणि शिळफाट्याला रात्री पंक्चर झालं तर त्याच्या डिकीतल्या पान्याने नट सुटतच नाही. ढिला राहिला तर सरळ चाकच निघू शकतं.

म्हणून टॉर्क रेंच घ्या. माझ्या मते जॅकनंतरची पहिली खरेदी हीच.

चाक लावण्याआधी हबचा गंज वायर ब्रशने काढा. पावसाळ्यानंतर तो हमखास असतो. गंजाचा थर मध्ये राहिला की चाक सपाट बसत नाही आणि नट नंतर ढिले पडतात. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. घर्षण कमी होऊन त्याच आकड्यावर स्टड जास्त ताणला जातो. नट आधी हातानेच फिरवा, निमुळती बाजू चाकाकडे. हाताने फिरत नसेल तर आटे वाकडे बसलेत, काढून पुन्हा लावा. मग साध्या पान्याने हलके आवळा, टायर जमिनीला टेकेल इतका जॅक खाली घ्या, आणि रेंच आधी निम्म्या, मग पूर्ण आकड्यावर लावा. चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर चांदणी काढल्यासारखे. एक 'टक' आवाज आला की थांबा. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा, नवे पॅड डिस्कला टेकायला हवेत.

वापरलेला आकडा बिलावर लिहा. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात. कल्याणहून ठाण्याला रोज जाणाऱ्याचे तेवढे दोन-तीन दिवसांत होतात. तारीख तेव्हाच ठरवा आणि त्या फेरीचे पैसे घेऊ नका. गिऱ्हाईक शेजाऱ्याला सांगतं ते याच फेरीबद्दल.

रेंचने नट उघडू नका, त्याला साधा पाना आहे. काम झालं की आकडा सगळ्यात खाली आणून पेटीत ठेवा. स्प्रिंग दाबलेली राहिली तर माप चुकायला लागतं.