पिठाने भरलेले हात
आगमनकाळात कुटुंबांसाठी एक धडा



गेल्या वर्षी आगमनकाळात मी घरभेटीला निघालो होतो. एका घरी पोहोचायला रात्रीचे साडेनऊ वाजले. आई करंज्या तळत होती. दोन मुले बाहेरच्या खोलीत एकाच मोबाईलवर डोके टेकवून बसली होती. धाकट्याने मध्येच उठून स्वयंपाकघरात डोकावले तर आतून आवाज आला, "आत येऊ नकोस, पीठ सांडशील!" मी थोरल्याला जवळ बोलावले. तो प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीच्या वर्गात होता. प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगितली, तर दुसऱ्याच ओळीला अडखळला. मुलांच्या समोरच मी त्याच्या आईला म्हणालो, "ताई, घरी काहीच शिकवत नाही का?"

त्यांनी झारा बाजूला ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "फादर, मी पहाटे पाचला उठते. डबे, नोकरी, नळाला पाणी आले तर ते भरणे, संध्याकाळचा स्वयंपाक. शिकवायला वेगळा वेळ कुठून आणू?"

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री झोपताना लक्षात आले की माझा प्रश्नच चुकला होता. मुलांना श्रद्धा शिकवण्यासाठी वेगळा वेळ लागतो असे त्या धरून चालल्या होत्या, आणि मीही तेच धरून चाललो होतो. म्हणूनच पीठ, करंज्या आणि लेकरू यांच्यामध्ये दार लावले गेले होते. त्या ताईंना विचारूनच ही हकीकत लिहीत आहे. आजचा धडा त्या दाराविषयी आहे.

येशूने घरात काय पाहिले?

प्रभू येशूच्या पहिल्या तीस वर्षांविषयी शुभवर्तमाने फार थोडे सांगतात. परंतु त्याचे दाखले लक्ष देऊन वाचले की नाझरेथचे घर डोळ्यांसमोर उभे राहते. एक बाई तीन मापे पिठात खमीर मिसळते आणि सगळे पीठ फुगून येते (मत्तय १३:३३). हे पीठ शंभरेक माणसांना पुरेल एवढे होते, असे शास्त्राचे अभ्यासक सांगतात. दुसरी बाई हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडते (लूक १५:८). जुन्या कपड्याला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, मीठ बेचव झाले तर फेकून द्यावे लागते, दिवा मापाखाली झाकून ठेवत नाहीत, ही सगळी घरातली माहिती आहे.

ही माहिती येशूला कोठून मिळाली? तो देवाचा पुत्र होता, पण माणूस म्हणून तो आपल्या लेकरांसारखाच वाढला. पवित्र मरिया पीठ मळत असताना तो जवळ असला पाहिजे. झाकून ठेवलेले पीठ सकाळी किती वर आले हे पाहण्यासाठी त्यानेही फडके उचलले असेल. पवित्र मरियेने त्याला "आत येऊ नकोस" म्हटले असते, तर स्वर्गराज्याचा तो दाखला आपल्याला कदाचित मिळाला नसता.

मुलांच्या खेळाचेही तसेच. बाजारात बसलेली मुले लग्नाचा आणि मयताचा खेळ खेळतात आणि सोबत्यांनी साथ दिली नाही म्हणून रुसतात, असे येशू एके ठिकाणी सांगतो (मत्तय ११:१६-१७). आपल्याकडची मुले भातुकलीत बाहुलीचे लग्न लावतात, तसाच तो खेळ. जगाचा तारणारा मुलांचा खेळ विसरला नाही. मग मुलांचे खेळ आणि छंद म्हणजे वेळेची नासाडी, असे आपण कसे म्हणणार?

आपल्या मातीतली दोन उदाहरणे

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आपल्या सर्वांना माहीत आहेत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर दळताना, चुलीपाशी, शेतात काम करताना त्या गाणी रचत आणि म्हणत. त्यांनी कोणासमोर बसून धडा दिला नाही. पण त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी ऐकून ऐकून ती गाणी लिहून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई वारल्या आणि पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. जात्याजवळ ऐकणारे कोणी नसते, तर आज महाराष्ट्राकडे ते धन नसते. आईचे हात कामात गुंतलेले असताना तिच्या तोंडून जे सहज निघते, ते मुलांच्या मनात खोल जाते.

दुसरे उदाहरण तर आपल्या धरणगावचेच आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, यांचा जन्म १८९० मध्ये येथे झाला. पाने, फुले, झरे पाहत राहण्याचा आणि कविता रचण्याचा त्यांना लहानपणापासून नाद होता. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक त्यांना अहमदनगरला आपल्या घरी घेऊन गेले. टिळक आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, पण ते येशूचे निष्ठावंत भक्त होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलाला पोटच्या मुलासारखे सांभाळले. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्या दिवसांच्या आठवणी आहेत. एका ख्रिस्ती घराने धरणगावच्या एका पोराच्या छंदाला घरात जागा आणि ताटात जेवण दिले. १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्यांच्या कविता मात्र आजही आपली मुले शाळेत शिकतात.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला 'घरातील ख्रिस्तसभा' असे म्हटले आणि आई-वडील हेच मुलांचे श्रद्धेतील पहिले शिक्षक आहेत, हे स्पष्ट केले. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात हीच शिकवण विस्ताराने मांडली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात मुलांच्या संगोपनासाठी एक संपूर्ण प्रकरण दिले. मूल कोठे आहे यावर सतत पहारा ठेवण्यापेक्षा ते मनाने कोठे आहे हे ओळखावे, असे ते पालकांना सुचवतात. त्या रात्री त्या घरातली मुले आईपासून दहा पावलांवर होती. मनाने मात्र ती फार दूर होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ऐकलेली एक गोष्ट येथे उपयोगी पडेल. 'स्कूल' हा शब्द 'स्कोले' या ग्रीक शब्दापासून आला आणि त्याचा मूळ अर्थ 'फुरसत' असा आहे. अरिस्टॉटल म्हणतो की आपण काम करतो ते फुरसत मिळावी म्हणून. ही फुरसत म्हणजे आळस नव्हे. जे फायद्यासाठी नाही, स्वतःच चांगले आहे, ते करण्याची ती मोकळीक. देवाने आपल्याला रविवार दिला तो यासाठीच. मिस्सा, विश्रांती आणि एकमेकांचा सहवास या तिन्ही गोष्टी रविवारच्या आहेत. मिस्सा ऐकून घरी गेल्यावर प्रत्येकाने आपापला पडदा उघडला, तर रविवार अर्धाच पाळला गेला.

दोन गैरसमज

कोणी म्हणेल, "फादर, केक आणि छंद ही पैसेवाल्यांची कामे. आमच्याकडे ओव्हन नाही." बंधू-भगिनींनो, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बट्टी भाजणाऱ्या खानदेशाला भाजणे कोणी शिकवायला नको. दिवाळीत रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन बेकरीत नानकटाई करून आणण्याची पद्धतही आपल्याला ठाऊक आहे. नानकटाई मूळ सुरतेची मानतात आणि आपल्या स्टेशनवरून गाड्या सुरतेलाच जातात! तेव्हा ओव्हन नाही ही अडचण मोठी नाही.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. मुलांना कामात घेणे म्हणजे त्यांना कामाला लावणे नव्हे. सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत. शाळा बुडवून लेकराला वेचणीला नेले, तर त्याला सहवास मिळत नाही. त्याचे बालपण आणि त्याची पाटी दोन्ही जातात. त्याचप्रमाणे घरातले सगळे काम आईवर टाकून "मुलांनाही तूच जवळ घे" असे सांगणे हाही अन्याय आहे. संत योसेफ सुतार होता आणि येशूलाही लोक सुतार म्हणूनच ओळखत होते (मार्क ६:३). म्हणजे बापाने मुलाला शेजारी उभे करून काम शिकवले होते. वडिलांनो, पोळपाटाशी बसल्याने पुरुषपणाला बाध येत नाही. पुनरुत्थानानंतर प्रभूने स्वतः किनाऱ्यावर निखारे पेटवून शिष्यांसाठी मासे आणि भाकर तयार ठेवली होती (योहान २१:९).

या आगमनकाळात काय करावे?

१. आठवड्यातून एकदा मुलांना पिठात हात घालू द्या. त्यांच्या वाट्याला एक गोळा द्या. करंजी वाकडी झाली तरी तीच नाताळच्या ताटात मधोमध ठेवा. पीठ सांडेल, मग पुसायलाही त्यांनाच शिकवा.

२. कुकरमध्ये केक करून पाहा. आपल्या जिल्ह्यात केळ्यांना तोटा नाही. काळे ठिपके पडलेली तीन केळी मुलांना कुस्करू द्या. त्यात पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, दीड वाटी कणीक, एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घाला. पीठ फार घट्ट वाटले तर थोडे दूध घाला. कुकरच्या तळाशी मीठ पसरून त्यावर एखादी ताटली किंवा जाळी ठेवा. पाणी घालू नका. झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढून टाका. तेल लावलेल्या भांड्यात मिश्रण ओतून मंद आचेवर साधारण पाऊण तास ठेवा. सुरी टोचून कोरडी निघाली की केक झाला. विस्तवाजवळचे काम मात्र मोठ्यांनीच करावे.

३. तो पाऊण तास प्रार्थनेला द्या. घरोघरी घड्याळे नव्हती तेव्हा युरोपातल्या स्वयंपाकघरात पदार्थ किती वेळ शिजवायचा हे 'इतक्या प्रभूच्या प्रार्थना होईपर्यंत' असे मोजत. आपणही केक होईपर्यंत पवित्र जपमाळ म्हणू शकतो. प्रार्थना पाठ होते आणि वाट पाहायलाही शिकायला मिळते. आगमनकाळ म्हणजे वाट पाहणेच ना?

४. प्रत्येक मुलाचा एक छंद ओळखा. कोणाला चित्रे, कोणाला तबला, कोणाला कुंडीतली रोपे, कोणाला गाडीचे सुटे भाग. आठवड्यातून अर्धा तास त्याच्या शेजारी बसा आणि त्याला तुम्हाला शिकवू द्या. या वर्षी आपल्या मंदिरातील गव्हाणीच्या देखाव्यासाठी मातीची मेंढरे मुलांनी घरी बनवून आणावीत, अशी माझी विनंती आहे. तीन पायांचे मेंढरूही आम्ही आनंदाने ठेवू.

५. फराळाचे पहिले ताट शेजारी पाठवा, आणि ते मुलाच्या हाती द्या. दिवाळीत शेजारच्या घरातून आपल्याकडे ताट आले होते. आपल्याकडे ताट रिकामे परत पाठवत नाहीत. शेजारप्रीती मुलाला पुस्तकातून समजण्याआधी त्या झाकलेल्या ताटाच्या वजनातून समजते.

शेवटी एक गोष्ट. वेदीवरची भाकर फक्त गहू आणि पाणी यांचीच असावी, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. कोणाच्या तरी हातांनी ते पीठ भिजवलेले असते, भाजलेले असते, आणि तीच भाकर मिस्सामध्ये प्रभूचे शरीर होते. 'बेथलेहेम' या नावाचा अर्थही 'भाकरीचे घर' असाच आहे. ज्या मुलाने आपल्या आईबरोबर पीठ भिजताना आणि भाजताना पाहिले आहे, त्याला या गोष्टी समजावून सांगणे मला फार सोपे जाते.

त्या घरी मी नाताळनंतर पुन्हा गेलो आणि दोन्ही मुलांसमोर त्यांच्या आईची माफी मागितली. ज्यांच्यासमोर तिला कमी लेखले, त्यांच्यासमोरच ती मागायला हवी होती. त्या हसल्या आणि धाकट्याला म्हणाल्या, "फादरांना तुझा केक दे." केक मधोमध बसला होता आणि बाजूने थोडा करपलाही होता. थोरल्याने ताटली माझ्या हातात देण्यापूर्वी जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. एकदा अडखळला. आईने आठवण करून दिली आणि त्याने ती पूर्ण केली.

घरी बसून विचार करण्यासाठी

१. गेल्या आठवड्यात मी माझ्या मुलाबरोबर हाताने कोणते काम केले?
२. आमच्या घरात "आत येऊ नकोस" हे वाक्य किती वेळा उच्चारले जाते?
३. माझ्या आई-वडिलांबरोबर काम करताना मी श्रद्धेची कोणती गोष्ट शिकलो? ती मुलांना सांगितली आहे का?

हे प्रभू येशू, तू नाझरेथच्या घरात वाढलास. आमच्या घरांतही राहा. आमच्या कामाच्या घाईत आमच्या लेकरांसाठी दार उघडे ठेवण्याची बुद्धी आम्हाला दे. पवित्र मरिये आणि संत योसेफा, आमच्या कुटुंबांसाठी विनंती करा. आमेन.

तुमचा धर्मगुरू